एकोणीस एकोणीस: मार्केटिंगमधील एमबीएचा माझा अनुभव

रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर मी एम.एस्सी.ऐवजी एमबीएचा अर्ज भरायचे ठरवले, तेव्हा फलटणला आमच्या घरी पैशांपेक्षा 'मार्केटिंग' या शब्दावरच अधिक चर्चा झाली. "एवढं शिकून दारोदार विकत फिरणार का?" असे अण्णांनी विचारले, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी माझ्याकडेही त्याचे उत्तर नव्हते. प्रयोगशाळेत आयुष्य काढायचे नाही एवढे ठरले होते. बाकी सगळे इतरांच्या ऐकीव माहितीवर चालले होते.

२०१७ च्या मार्च महिन्यात मी राज्याची एमबीए प्रवेश परीक्षा दिली. १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे होते आणि त्यांपैकी तर्कक्षमतेचे ७५, आकृत्यांचे २५, अंकगणिताचे ५० आणि इंग्रजीचे ५० होते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्यामुळे शेवटच्या काही मिनिटांत उरलेल्या सर्व प्रश्नांना एकच पर्याय ठोकून देण्याचे शास्त्र मीही पाळले. त्यानंतरची केंद्रीय प्रवेश फेरी, रहिवासी दाखला, नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र आणि त्यासाठी तहसील कचेरीत घातलेल्या फेऱ्या यांविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही. मात्र शिष्यवृत्तीवर भिस्त असणाऱ्यांनी केंद्रीय फेरीतूनच प्रवेश घ्यावा, कारण संस्थास्तरीय जागेवर गेल्यास शुल्काचा पूर्ण भार आपल्यावर पडतो. मला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात जागा मिळाली.

पहिले सत्र इंग्रजीने खाल्ले. विषय अवघड नव्हते, परंतु वर्गात उभे राहून पाच मिनिटे बोलायचे म्हटले की मनातले मराठी वाक्य आधी इंग्रजीत बसवायचे आणि मग उच्चारायचे, या धडपडीत मुद्दाच निसटून जात असे. 'कस्टमर' आणि 'कंझ्युमर' यांतील भेद (पैसे देणारा एक आणि वापरणारा दुसरा) मला तोंडपाठ झाला होता, पण आपल्या भाषेत 'ग्राहक' आणि 'गिऱ्हाईक' असे दोन शब्द आहेत आणि एखाद्याला 'गिऱ्हाईक करणे' याचा अर्थ त्याची फजिती करणे असा होतो, हे मात्र कोणत्याही प्राध्यापकाने सांगितले नाही. मार्केटिंगकडे आपला समाज कोणत्या नजरेने पाहतो ते या एका वाक्प्रचारातून कळते, असे मला तेव्हाही वाटे आणि आजही वाटते.

त्या सत्रात मनात राहिलेली गोष्ट निरमाची. करसनभाई पटेल हे रसायनशास्त्राचेच पदवीधर. गुजरात सरकारच्या नोकरीत असतानाच १९६९ साली त्यांनी घरी धुण्याची पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार नेऊन विकली. सुटीत घरी गेल्यावर मी ही गोष्ट अण्णांना मुद्दाम रंगवून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि "त्यांची स्वतःची पावडर होती," एवढेच म्हणाले.

स्पेशलायझेशन निवडताना वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी मार्केटिंग घेतले. फायनान्समधील आकडेमोड टाळायची हे त्यामागचे उघड कारण होते, आणि ते पुढे साफ खोटे ठरले. मी मात्र एका हट्टाने आले होते. जेरोम मॅकार्थी यांनी १९६० साली मांडलेले प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस आणि प्रमोशन हे चार 'पी' आम्हाला पहिल्याच महिन्यात घोकून घ्यायला लावले होते. रसायनशास्त्राच्या सवयीने मला त्यांतील पहिला 'पी' तेवढा खरा वाटे. माल चांगला असेल तर बाकीचे तीन सांभाळायला मार्केटिंगचे शिक्षण कशाला हवे, हा प्रश्न मी उघडपणे कधी विचारला नाही, तरी तो माझ्या मनातून गेलाही नव्हता.

त्याचे उत्तर मिळाले ते दुसऱ्या सत्रानंतरच्या आठ आठवड्यांच्या उन्हाळी प्रकल्पात, ज्याला सगळे 'एसआयपी' (समर इंटर्नशिप प्रोजेक्ट) म्हणतात. माझ्या रसायनशास्त्राच्या पदवीकडे पाहून विद्राव्य खते विकणाऱ्या एका कंपनीने मला घेतले आणि 'तासगाव तालुक्यातील द्राक्ष उत्पादकांमध्ये ब्रँड अवेअरनेस' असा विषय हाती ठेवला. सांगलीला मावशीकडे राहायचे, सकाळच्या एसटीने तासगाव गाठायचे आणि साठ कृषी सेवा केंद्रांतून व तिथे येणाऱ्या शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून आणायची, असा तो बेत होता.

विद्राव्य खत म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळणारे आणि ठिबकमधून किंवा फवारणीतून देता येणारे खत. त्याचे नाव म्हणजेच त्याचे रसायन असते. १९:१९:१९ मध्ये नत्र, स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के, ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने हे प्रमाण ठरवून दिलेले असल्यामुळे पिशवी कोणत्याही कंपनीची असली तरी आतील अन्नद्रव्ये तीच असायला हवीत. म्हणजे माझा लाडका पहिला 'पी' कायद्यानेच सर्वांना सारखा वाटून दिलेला होता. मग कंपन्या एकमेकींशी कशाच्या जोरावर स्पर्धा करतात, हा खरा प्रश्न होता, परंतु पहिले तीन आठवडे तो मला सुचलाच नाही.

त्या तीन आठवड्यांत मी मन लावून प्रश्नावल्या भरल्या. इंग्रजीत तयार केलेल्या प्रश्नांचे मी स्वतःच मराठी केले होते. 'या ब्रँडच्या गुणवत्तेबाबत मी समाधानी आहे' अशी विधाने आणि त्यापुढे 'पूर्णपणे सहमत' पासून 'पूर्णपणे असहमत' पर्यंत पाच चौकटी. रेन्सिस लिकर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडलेली ही मोजपट्टी जगभर वापरली जाते, तेव्हा ती तासगावात चालणार नाही अशी शंका येण्याचे कारण नव्हते. दुकानदार अदबीने उठून खुर्ची देत, चहा मागवत आणि प्रत्येक विधानाला "हो मॅडम, सहमत" म्हणत. आपले काम फारच सुरळीत चालले आहे अशी माझी समजूत झाली होती.

पुण्याला परतून ती माहिती मी एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये भरली आणि प्रश्नावलीची विश्वासार्हता तपासण्यासाठी क्रॉनबाख अल्फा काढायला गेले. निकालाच्या जागी सूचना आली की काही विधानांचे विचरण शून्य असल्यामुळे ती मोजपट्टीतून वगळली आहेत. साठही जणांनी त्या विधानांना अगदी एकसारखे उत्तर दिले होते. मार्गदर्शक मॅडमनी तो कागद पाहिला, चष्मा काढला आणि विचारले, "हे साठही लोक इतके खूश कसे गं? तू नेमकी गेलीस कशी त्यांच्याकडे?"

मी कशी गेले होते ते सांगू लागले तेव्हा माझे मलाच उमगले. खाकी कव्हरची फाइल, गळ्यात ओळखपत्र, आणि पहिला प्रश्न 'आपल्याकडे कोणकोणत्या कंपन्यांची विद्राव्य खते उपलब्ध आहेत?' खतांच्या दुकानात असा प्रश्न कृषी खात्याचे गुणनियंत्रण निरीक्षकच विचारतात. त्याच वर्षी मार्चपर्यंत अनुदानित खतांच्या विक्रीसाठी अंगठा घेणारी यंत्रे दुकानोदुकानी पोहोचली होती, त्यामुळे तपासणीची धास्ती आणखीच ताजी होती. एका दुकानदाराने न विचारताच साठा नोंदवही आणि परवाना माझ्यासमोर आणून ठेवला होता आणि मी त्याला सहकार्याबद्दल मनापासून धन्यवादही दिले होते! सगळा वर्ग त्यावर आठवडाभर हसत होता.

उरलेल्या वेळात काय करायचे हे मॅडमनी सांगितले. प्रश्नावली बाजूला ठेवायची, ओळखीच्या एका दुकानात सकाळी दुकान उघडल्यापासून बसायचे, काही विचारायचे नाही आणि येणारा शेतकरी नेमका कोणत्या शब्दांत काय मागतो तेवढे लिहून घ्यायचे. मावसभावाच्या ओळखीने तासगावच्या एका काकांनी मला काउंटरच्या आत, पंख्याखाली, एका पोत्यावर जागा दिली. मी वहीत चार रकाने आखले होते: कंपनीचे नाव, खताचा आकडा, पिकावरील लक्षण आणि कागद.

पहिला रकाना जवळजवळ रिकामा राहिला. शेतकरी येऊन "एकोणीस एकोणीस द्या एक पिशवी" म्हणत किंवा "झिरो बावन्न चौतीस आहे का?" असे विचारत. एप्रिलची खरड छाटणी होऊन दोन महिने उलटले होते आणि काडीवर पुढच्या हंगामाचे घड ठरण्याचे ते दिवस होते, त्यामुळे मागणी जोरात होती. कोणी प्लॅस्टिकच्या पिशवीत चार पाने घेऊन येई, ती काउंटरवर पसरून "ह्याच्यावर काय मारायचं सांगा की" म्हणे आणि काका देतील ते मुकाट घेऊन जाई. चौथ्या रकान्यात मात्र रेघांवर रेघा पडत होत्या, कारण द्राक्षबागायतदारांचे खासगी सल्लागार असतात आणि ते छाटणीच्या दिवसानुसार वेळापत्रकच लिहून देतात. बागायतदार तो कागद डॉक्टरच्या चिठ्ठीसारखा दुकानात देतो. खरेदीच्या निर्णयात सुचवणारा, ठरवणारा, पैसे देणारा आणि वापरणारा या भूमिका वेगवेगळ्या असू शकतात, हे आम्ही ग्राहकवर्तनाच्या तासाला शिकलो होतो. माझी प्रश्नावली मात्र पैसे देणाऱ्यालाच ठरवणारा समजून बसली होती. आणि ते पैसेही पुष्कळदा द्राक्षांची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, झाल्यावर येणार असत, तोवर काकांच्या वहीत उधारी.

मग कोणत्या कंपनीची पिशवी द्यायची हे काका कसे ठरवतात? चौथ्या दिवशी मी धीर करून विचारले. त्यांनी खालच्या फळीवरून दोन काचेचे पेले काढले, माठातील पाणी भरले आणि दोन कंपन्यांच्या १९:१९:१९ चा एकेक चमचा त्यांत टाकून ढवळला. एक पेला काही वेळात नितळ झाला. दुसऱ्याच्या तळाशी भुरकट साका बसला. "हा साका ठिबकच्या फिल्टरमधी जातो," काका म्हणाले, "ड्रिपर तुंबला की बागायतदार कंपनीला फोन करत नाही, मला करतो." आकडा तोच, परवाना तोच, आणि तरीही माल एक नव्हता. त्यापुढची त्यांची यादी अशी होती: कंपनीचा माणूस बोलावल्यावर बागेत येतो का, हंगामात माल वेळेवर मिळतो का, रोखीवर सूट किती, आणि विक्रीसाठी लागणारा 'ओ फॉर्म' (माल कोणाकडून आला याचे प्रमाणपत्र) मागे न लागता मिळतो का. टीव्हीवरील जाहिरातीचा उल्लेख त्यांत कुठेच नव्हता.

त्यांच्या परवानगीने मी त्या दोन पेल्यांचे छायाचित्र घेतले आणि आणखी नऊ दुकानांत, या वेळी फाइल आणि ओळखपत्र घरी ठेवून, तशीच बसले. अहवालात फसलेल्या साठ प्रश्नावल्यांचे एक वेगळे प्रकरण लिहिले. कंपनीच्या विक्री व्यवस्थापकांना ते अजिबात आवडले नाही, कारण त्यांना वरिष्ठांपुढे ठेवण्यासाठी ब्रँड अवेअरनेसची टक्केवारी हवी होती आणि माझ्याकडे ती नव्हती. बऱ्याच वादानंतर प्रमाणपत्र मिळाले, परंतु त्यांच्या शिफारसपत्रावर मला पाणी सोडावे लागले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अहवाल चाळता चाळता त्या छायाचित्रावर बोट ठेवले आणि पुढची पंधरा मिनिटे फक्त त्याच पानावर प्रश्न विचारले. शेवटचा प्रश्न असा होता की तुमच्या हाती जाहिरातीचे पैसे दिले तर कुठे खर्च कराल. सल्लागारांच्या बैठका आणि दुकानदारांना मालाचे नमुने, असे मी सांगितले. बोलताना मी मनात मराठी वाक्य जुळवले नव्हते, हे बाहेर आल्यावर लक्षात आले.

दुसरे वर्ष नोकरीच्या काळजीत गेले. संस्थेच्या माहितीपत्रकात शंभर टक्के नोकऱ्यांची हमी होती. प्रत्यक्षात आलेल्या कंपन्यांपैकी बऱ्याचशा विमा आणि कर्जाची थकबाकी अशा कामांसाठी आल्या आणि त्यांतल्या काही जागांना निश्चित पगारही नव्हता. जे मार्केटिंग घेणार आहेत त्यांनी प्रवेशापूर्वी मागच्या वर्षीच्या चार-पाच विद्यार्थ्यांना गाठून कंपनी, हुद्दा आणि हातात येणारा पगार या तीन गोष्टी थेट विचाराव्यात. माहितीपत्रकातील बोधचिन्हांच्या रांगेवरून काहीच कळत नाही. मला नोकरी मिळाली ती महाविद्यालयाबाहेर, खतांच्याच दुसऱ्या एका कंपनीत, आणि मुलाखतीत माझा अहवालच अर्धा तास बोलला.

२०१९ च्या जुलैमध्ये रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माझी तासगावला फेरी लागली. अण्णांना फोनवर सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "म्हणजे शेवटी दारोदारच." काकांच्या दुकानात मी आमच्या १९:१९:१९ ची एक किलोची पिशवी काउंटरवर ठेवली आणि दरपत्रक काढू लागले. "दर नंतर बघू ताई," असे म्हणत काकांनी खाली वाकून ते दोन पेले वर काढले आणि माठाकडे वळले.