उतारावरची पायवाट आणि "वहिनी, उद्या गाडी लावतो"

सगळ्यात आधी हे सांगते, परड्यात, म्हणजे घरालगतच्या आवारात, पायवाट करायची असेल तर चिरे, म्हणजे जांभ्या दगडाचे कापलेले ठोकळे, शिमग्याच्या आधी आणून टाका. मे महिन्यात चिरेखाणवाल्याच्या नादी लागू नका. मी लागले, आठवलं की अजून डोकं तापतं.

आमचं घर राजापूर तालुक्यात, वर घर, खाली विहीर आणि मधलं परडं सगळं उताराचं. पावसात तिथे लाल चिखल, आणि सासूबाई रोज सकाळी फुलं काढायला उतरणारच, सांगून ऐकणार नाहीत. म्हणून वाट करायचं ठरलं. माणसं मिळणं, कच (दगडाचा बारीक चुरा) आणि खडी येणं हे दोन फोनमध्ये झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अडलं ते चिऱ्यांवर.

मला हवे होते शंभरेक. आमच्याकडे सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, गेलं की जिकडे तिकडे खाणी, मशीनचा आवाज आणि लाल धुरळा, त्यामुळे चिरे मिळणं हा काय प्रॉब्लेम असणार असं कोणालाही वाटेल. पण मे म्हणजे सगळ्यांना पावसाआधी जोती, गडगे (दगडी कुंपणं) उरकायची घाई, आणि एकदा पाऊस लागला की खाणीत पाणी भरतं आणि काम बंद. अशा वेळी शंभर चिरे मागणारी बाई म्हणजे त्यांच्या लेखी गिऱ्हाईकच नाही. "वहिनी, फुल गाडी घ्या, उद्या लावतो." फुल गाडी घेऊन मी काय किल्ला बांधू? बरं, शेजारच्यांना गडग्याला हवे होते, त्यांना तयार केलं, दोघांत मिळून फुल गाडी सांगितली. मग परत "उद्या लावतो". उद्या ड्रायव्हर लग्नाला. परवा रॉयल्टीचा पास, म्हणजे दगड न्यायचा सरकारी परवाना, सुटला नाही. त्यानंतर गाडीचा पाटा तुटला. एकदा तर गाडी भरून निघाली म्हणून सांगितलं, आम्ही माणसं बोलावून बसलो, दोनदा चहा झाला, त्यांची हजेरी चालूच, आणि गाडी गेली वरच्या वाडीत कोणाच्या तरी बंगल्यावर! फोन केला तर म्हणे, "त्यांचं अर्जंट होतं." आणि आमचं काय हौसेचं होतं का?

आमचे हे म्हणत होते, कशाला चिडतेस, मृगाला वेळ आहे. २०२५ चा मे होता तो. २५ मेला मान्सून तळकोकणात आला, आणि त्याच्या आधीपासूनच धो धो चालू होतं. शेवटी मी स्कूटर काढून खाणीवरच जाऊन उभी राहिले, म्हटलं माझ्यासमोर भरा, गाडी सुटल्याशिवाय मी हलत नाही. तासाभरात भरली. म्हणजे भरता येत होती!

उभी होते म्हणून एकेक चिरा बघता तरी आला. ताजा कापलेला जांभा मऊ असतो, हवा लागून हळूहळू टणक होतो, त्यामुळे आधी काढून ठेवलेला माल मागायचा. हातोडीने टकटक करायची, आवाज बद्द आला तर बाजूला. पांढऱ्या मातीच्या गाठी असलेला तर घ्यायचाच नाही, पावसात त्या गाठी वाहून जातात आणि चिऱ्याला भोकं पडतात.

लावायचं काम त्यामानाने मजेचं. गवंड्याचं एकच पालुपद, "खाली सिमेंट टाकूया, कायमचं होईल." मी नाही म्हटलं. खड्डा खणून खाली खडी चोपली, वर कचेचा थर, त्यावर चिरा. एखादा खचला तर पहारीने उचलून खाली कच सारायची, झालं. सिमेंटचं तडकलं तर फोडत बसा. काम तळापासून वर करत यायचं.

अंतर टेपने मोजू नका. मी सासूबाईंना हळूहळू चालत उतरायला लावलं आणि पाऊल पडेल तिथे मागून फक्की टाकत गेले. माझ्या आणि त्यांच्या पावलात वीतभर फरक निघाला! उतारावर पाऊल आखूडच पडतं, वाट त्यांच्या मापाने केली. दोन दोन चिरे जोडून लावले म्हणजे पाय नीट मावतो, आणि चिरा निम्म्याहून जास्त जमिनीत. जिथे पायरीच करावी लागली तिथे चढ पाच-सहा इंचांच्या वर नेला नाही. वाटही सरळ खाली न नेता तिरकी वळवत आणली, सरळ वाट म्हणजे पाण्याला पाटच काढून दिल्यासारखं.

पाण्यावरून आठवलं, उशीर झाल्याचा एक फायदा झाला. पहिल्या सरीतच पागोळ्यांचं पाणी नेमकं कुठून धावतं ते दिसलं, मग वरच्या अंगाला चर खणून ते आंब्याकडे वळवलं. ते केलं नसतं तर इथल्या पावसात, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, सगळी कच विहिरीपर्यंत गेली असती.

जुलैत शेवाळ धरतंच. ब्लिचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचं, फक्त ते पाणी झाडांच्या मुळाशी आणि विहिरीकडे जाऊ द्यायचं नाही.

आणि हो, पैसे माल उतरल्यावरच द्या. पूर्ण अ‍ॅडव्हान्स हातात पडला की तुमचा नंबर मागे जातो, हे आमच्या गवंड्यानेच सांगितलं, तेही सगळी वाट लावून झाल्यावर.