एकाच नावाचे दोन अम्फो: चियांग सेनचा आकडा जुळवताना

मेकाँगच्या थायलंडकडच्या काठावर जेवढे अम्फो आहेत, त्यांचा पूरधोका मांडायचं काम आमच्याकडे आलं होतं. प्रत्येक अम्फोचा नदीकाठ किती, लोक किती, पूररेषेखाली जमीन किती, असा साधा तक्ता. चांगवाट म्हणजे आपला जिल्हा धरला, तर अम्फो आपल्या तालुक्याच्या जवळ जातो. त्याखाली तांबोन, म्हणजे गावांचा गट, आणि मुबान, म्हणजे गाव. वरून खालपर्यंत सगळं व्यवस्थित जुळत आलं आणि चियांग राय चांगवाटमधल्या चियांग सेनपाशी गाडी अडली. तो अख्खा दिवस त्या एका ओळीत गेला.

जुन्या नोंदींत चियांग सेनची लोकसंख्या भरभक्कम होती. १९३९नंतरच्या नोंदींत ती एकदम खाली आलेली, आणि शेजारी मे चान नावाचा मोठा अम्फो अचानक उगवलेला. असा खड्डा दिसला की साथ, दुष्काळ, स्थलांतर अशी कारणं डोक्यात यायला लागतात. पण सीमाभागात आधी कागद बघावा, माणसं नंतर. १९२५ मध्ये नदीकाठच्या जुन्या शहराचा अम्फो, तेव्हाचं नाव चियांग सेन लुआंग, खालच्या दर्जावर आणून किंग अम्फो, म्हणजे दुय्यम अम्फो, केला गेला आणि शेजारच्या अम्फोच्या हाताखाली दिला गेला. त्या शेजारच्या अम्फोचं नाव होतं चियांग सेन! १९३९ मध्ये त्याला मे चान म्हणायला लागले आणि नदीकाठच्या किंग अम्फोच्या नावातला ‘लुआंग’ गळून तो नुसता चियांग सेन झाला. पूर्ण अम्फोचा दर्जा त्याला १९५७ मध्ये परत मिळाला. म्हणजे १९३९च्या आधीचा ‘चियांग सेन’ हा नदीवरचा चियांग सेन नव्हेच. लोक कुठेही गेले नव्हते, पाटी हलली होती.

एवढ्या जुन्या शहराचा दर्जा का उतरावा, याचं उत्तर मला १८०४ मध्ये दिसतं. परंपरेनुसार चौदाव्या शतकात लान्ना या उत्तरेकडच्या राज्याचा राजा सेन फू याने वसवलेलं हे शहर १५५८ पासून बर्मी अमलाखाली होतं. १८०४ मध्ये सयाम आणि लान्नाच्या फौजांनी ते घेतलं, उद्ध्वस्त केलं आणि रहिवाशांना उचलून सराबुरी, राचाबुरी, लांपांग, नान, चियांग माय अशा ठिकाणी नेलं. पूर्वेला मेकाँग, उरलेल्या बाजूंना विटांचा तट आणि खंदक, आत रान. पुन्हा वस्ती झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे. तट मोठा आणि वस्ती तुटपुंजी, अशा गावाचा कारभार शेजाऱ्याकडे जाणं समजण्यासारखं आहे.

यावर उपाय म्हणजे नावाने जोडणी करायचीच नाही. थायलंडच्या कोडपद्धतीत चियांग राय ५७, मे चान ५७०७, चियांग सेन ५७०८. खाली वियांग, पा साक, बान साएव, सी दोन मून, मे न्गोएन आणि योनोक हे सहा तांबोन, ५७०८०१ ते ५७०८०६. जुन्या नोंदींना हा कोड आपण लावायचा, पण प्रत्येक नोंदीचं वर्ष बघून. किंग अम्फोची माणसं वरच्या अम्फोत मिसळलेली आहेत की वेगळी दाखवली आहेत, हेही तपासायचं. मे चानच्या बाजूला आणखी एक गुंता आहे: दोई लुआंग १९९६ मध्ये तिथून निघाला आणि २००७ मध्ये पूर्ण अम्फो झाला. आजच्या नोंदणीच्या आकड्यांत थेसबान, म्हणजे नगरपालिका, वेगळ्या ओळीत येते. वियांग चियांग सेन थेसबानची ओळ विसरलात, तर नेमकी काठावरची दाट वस्तीच गळते.

तारखांचं गणितही सरळ नाही. बौद्ध सनातून ५४३ वजा करा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण १९४०पर्यंत थाय वर्ष १ एप्रिलला सुरू होई आणि २४८३ हे वर्ष नऊच महिन्यांचं होतं. त्यामुळे त्याआधीच्या जानेवारी ते मार्चमधल्या आदेशांसाठी ५४२ वजा करावे लागतात.

मग नकाशा उघडला. अम्फोची पूर्व सीमा हीच लाओसची सीमा, आणि सॉफ्टवेअर ती पात्राच्या मधोमध काढून मोकळं होतं. तसं चालत नाही. १९२६च्या फ्रान्स-सयाम करारानुसार पात्र अखंड असेल तिथे सीमा खोल धारेने जाते, आणि बेटांमुळे फाटे फुटले असतील तिथे थाय काठाजवळच्या फाट्यातून. नावं घेऊन सयामला दिलेली काही मोजकी बेटं तेवढी अपवाद. म्हणून थाय काठावरच्या सोप रुआक गावासमोरचं ‘दोन साओ’ नावाचं बेट लाओसचं. उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रात वाळूचे पट्टेही बेटांसारखे दिसतात. त्यांवरून सीमा ओढली की क्षेत्रफळ बिघडलंच.

जुने थाय नकाशे ‘इंडियन १९७५’ डेटमवर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या आधारचौकटीवर, आहेत. त्याचा पाया सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टचा लंबगोल, म्हणजे पृथ्वीच्या आकाराचं गणिती रूप, आपल्या सर्वेक्षणाच्या परंपरेतला. हे नकाशे रूपांतर न करता डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या जीपीएसच्या डेटमवर टाकले की सगळं ३०० मीटरहून जास्त सरकतं. एवढ्यात काठावरचं देऊळ नदीत जाऊन पडतं. रूपांतरासाठी तीन अक्षांवर सरकवायचे आकडे २१०, ८१४, २८९ मीटर, आणि नकाशाच्या यूटीएम प्रक्षेपणातला पट्टा ४७ उत्तर. तटाचा एखादा कोपरा चित्राशी जुळवून खात्री करून घ्यावी.

शेवटी पाणी. चियांग सेनच्या मापकावर पूरपातळी १२.८ मीटर धरतात, इशाऱ्याची ११.५. ही खोली नव्हे. मापकाचं शून्य समुद्रसपाटीपासून ३५७.११ मीटरवर आहे, म्हणजे पूरपातळी ३६९.९१. हा आकडा अख्ख्या अम्फोवर सपाट पसरवून चालत नाही, कारण नदी उतारावर आहे. मापकापासून खाली जाताना तो उताराप्रमाणे कमी करत न्यावा लागतो. कोक नदी याच अम्फोत मेकाँगला मिळते. मेकाँग चढली की कोकचं पाणी तुंबतं. सांगली-कोल्हापूरकरांना फुगवटा समजावून सांगायची गरज नाही. अशा वेळी मापक इशाऱ्याच्या खाली असतानाही संगमाकडची शेतं पाण्याखाली जाऊ शकतात. म्हणून त्या बाजूच्या तांबोनांना आम्ही तक्त्यात दोन रकाने दिले, एक मेकाँगच्या पातळीचा आणि एक कोकच्या. दोन्हींतला जो जास्त, तो धोका धरला.