महापूर, परमिट रूम आणि चटई

चिपळूणच्या बाजारपेठेत २००३ पासून माझं परमिट रूम आहे. खाली दहा टेबलं, मागे किचन, किचनला लागून स्टोअर. पुतण्या त्याला 'पब' म्हणतो. इथे पब म्हणजे लोट्याच्या एमआयडीसीतून शिफ्ट सुटल्यावर आलेली पोरं, कोपऱ्यातल्या टेबलावर पेपर वाचत एकच क्वार्टर दोन तास पुरवणारे रिटायर्ड एसटी ड्रायव्हर, आणि आपल्या गावात कोणी बघायला नको म्हणून पंधरा किलोमीटर लांबून येणारे दोन मास्तर. चखण्याला उकडलेली अंडी, मसाला पापड, ताजे मिळाले तर बोंबील.

हा धंदा बाहेरून दिसतो त्यापेक्षा फार जास्त लिहिण्याचा आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. विकायला आम्हाला परवाना लागतो तसा प्यायला गिऱ्हाइकालाही लागतो: एका दिवसाचा ५ रुपये, वर्षाचा १०० आणि आजन्म १००० रुपये. आणि रोज रात्री शटर ओढल्यावर 'चटई' भरायची. हा एक लांबरुंद तक्ता असतो. प्रत्येक ब्रँड, प्रत्येक साइज. सकाळी किती होतं, आज किती आलं, किती विकलं, किती उरलं. फोडलेल्या बाटल्या मिलीमध्ये लिहायच्या. ७५० च्या खंब्यात ३० चे २५ पेग, त्यात अर्धा पेग वेटरच्या हातून सांडला तरी हिशोबात दिसतो. अठरा वर्षं मी या चटईला शिव्या घातल्या. रात्री साडेबाराला डोळे मिटत असताना माणूस आणखी काय करणार?

२०२१ च्या जुलैत कोरोनाचे निर्बंध होते. संध्याकाळी बसून पिणं बंदच, त्यामुळे चालू होतं ते पार्सलवर. २० तारखेला आषाढी एकादशी, म्हणजे ड्राय डे. दुसऱ्या दिवशी बकरी ईद. गटारी ८ ऑगस्टला येत होती, तोवर सरकार काहीतरी ढिलं सोडेल अशी आशा होती, म्हणून मी आदल्याच आठवड्यात माल भरून ठेवला होता. स्टोअर नुसतं ठासलेलं.

वाशिष्ठीचा स्वभाव चिपळूणकराला ठाऊक असतो. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी तिच्यात येतं म्हणून ती उन्हाळ्यातही आटत नाही, आणि पावसाळ्यात डोंगरातून लोट येत असताना खाली दाभोळच्या खाडीला भरती असली की पाणी समुद्राकडे जायचं सोडून बाजारात शिरतं. त्या आठवड्यात पौर्णिमा आली होती, उधाण होतं. २१ ला दिवसभर पाऊस थांबलाच नाही. माझी समजूत अशी, की मी तयार आहे. २६ जुलै २००५ च्या पुराची रेघ मी स्टोअरच्या भिंतीवर ऑइलपेंटने मारून ठेवली होती आणि सगळा महागडा माल त्या रेघेच्या वरच्या फळ्यांवर होता. पाहुण्यांना ती रेघ मी कौतुकाने दाखवायचो.

२२ च्या पहाटे आमच्या वेटरचा फोन आला. मूळचा कारवारकडचा, चौदा वर्षं माझ्याकडे, वरच्या खोलीत राहतो. म्हणाला, "भाऊ, गटारातलं पाणी उलटं वर येतंय." मी म्हटलं, खालच्या फळीवरची बिअर वर घे. थोड्या वेळाने पुन्हा फोन: "भाऊ, आता रेघेला लागलं." त्यानंतर फोन लागलाच नाही. तो दीड दिवस गच्चीवर, शेजारच्या कापड दुकानदाराच्या कुटुंबासोबत, फरसाण आणि पावसाचं पाणी यांवर.

२३ ला पाणी उतरलं तेव्हा मी कमरेइतक्या चिखलातून पोचलो. शटर आतून फुगलं होतं. आत फ्रीज आडवा होऊन टेबलावर चढलेला आणि सगळीकडे एकच वास: डिझेल, मेलेले उंदीर आणि त्यातून मधूनच रम. पाणी २००५ च्या रेघेच्या चार वीत वर गेलं होतं. फक्त सगळ्यात वरच्या फळीवरचा आणि माळ्यावरचा माल कोरडा राहिला. बाकी बाटल्या चिखलात रुतून बसल्या होत्या, शेतात कांदे असावेत तशा.

पहिली चूक मी त्याच दिवशी करणार होतो. सगळा बाजार आपापला माल रस्त्यावर फेकत होता, जेसीबी ढीग उचलत होते, मीही पोरांना म्हटलं, काढा बाहेर. आमच्या रजिस्टरचं काम करणारा मुलगा नेमका तेव्हा रत्नागिरीहून फोनवर भेटला. तो ओरडलाच: "शेठ, एक बाटली हलवू नका! एक्साइजचा पंचनामा झाल्याशिवाय माल फेकलात तर तो विकला असं धरतील." खरं होतं ते. कपडेवाल्याचा माल भिजला की तो त्याचा. माझी बाटली फुटली तरी ती सरकारच्या हिशोबात जिवंत असते, तिला रीतसर मारावं लागतं.

मग अर्ज. एक उत्पादन शुल्कच्या निरीक्षकांना, एक विमा कंपनीला, एक नगरपरिषदेला. बाजारात लाइट नाही, प्रिंटर नाही, म्हणून वहीच्या पानावर हाताने लिहिले, पोच घेतली आणि पोचेचा फोटो काढून बायकोला पाठवला. तारीख-वेळ दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ आधी काढले, मग माल बघायला हात लावला.

आता अडचण अशी, की माल मोजायचा कशाशी? चटईची वही, टीपीच्या, म्हणजे ट्रान्सपोर्ट पासच्या, फाइली, एक दिवसाच्या परमिटांची पुस्तकं सगळी काउंटरच्या खणात होती. पाच-पाच रुपयांच्या त्या परमिटांचा अक्षरशः लगदा झाला होता, मोदकाच्या उकडीसारखा. वाचवलं दोन गोष्टींनी. एक, रजिस्टरवाला मुलगा चटई कॉम्प्युटरवर करायचा आणि माझी १९ जुलैच्या रात्रीपर्यंतची नोंद त्याच्याकडे होती, कारण मी कितीही कंटाळलो तरी रोजचे आकडे त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर धाडायचो. दुसरी, टीपी. दारूचा प्रत्येक बॉक्स ट्रान्सपोर्ट पासवर येतो आणि त्याची प्रत होलसेलरकडे असते. त्याने पूर्ण वर्षाच्या बिलांच्या आणि पासांच्या झेरॉक्स गठ्ठ्याने पाठवल्या. जे कागद मला जाच वाटायचे, तेच आता साक्षीदार झाले.

एक्साइजचे निरीक्षक साहेब आले ते चार-पाच दिवसांनी, दोन जवान आणि दोन पंच घेऊन. तालुक्यात किती दुकानं, किती बार बुडालेले. ते बिचारे गमबूट घालून सकाळपासून फिरत होते. आम्ही अंगणात तीन टब मांडले. पहिल्यात चिखल काढायचा, दुसऱ्यात धुवायचं, तिसऱ्यातून बाटली पंचांसमोर. एक जण ब्रँड ओरडणार, एक लिहिणार. लेबलं निम्म्यांची गेलेली. मग आकारावरून ओळखायचं, बुचावरून ओळखायचं, काचेवरच्या उठावाच्या अक्षरांवर बोट फिरवून ओळखायचं. ओल्ड मंक ती ठेंगणी बाटली अंधारातही सांगते, पण व्हिस्कीच्या सरळसोट क्वार्टरा सगळ्या एका आईच्या. तिथे आमचा वेटर पुढे झाला. बाटली हातात घेऊन, बुचाचा रंग आणि कडेची चुणी बघून नाव सांगायचा. साहेबांनी परीक्षा म्हणून लेबल शाबूत असलेली एक बाटली अंगठ्याने लेबल झाकून दिली. त्याने बरोबर सांगितलं. साहेब हसले आणि म्हणाले, "लिहा, पुढे चला."

दोन दिवस मोजणी चालली. चटई आणि टब यांत फरक निघाला अकरा क्वार्टर आणि तीन बिअरचा. वाहून गेल्या किंवा कोणी उचलल्या. पंचनाम्यात 'आढळून आल्या नाहीत' असं आलं.

खरी कुस्ती पुढे होती. विमा कंपनीने नेमलेला सर्व्हेअर आला, टाय लावून, चिखलातून. माणूस वाईट नव्हता, पण त्याचं म्हणणं असं: बिअरचं ठीक, पत्र्याच्या झाकणाखाली गाळ गेलाय, ती नुकसानीत धरतो. पण व्हिस्की-रमची सीलबंद बाटली फुटलेली नाही, आतला माल शाबूत आहे. धुवा, पुसा, विका. त्याने सगळ्या सीलबंद बाटल्यांचं नुकसान शून्याच्या आसपास लावलं होतं. मी म्हटलं, साहेब, ही तुमच्या टेबलावर आणून ठेवली तर प्याल का? त्यावर तो गप्प बसला, पण गप्प बसण्याने रिपोर्ट बदलत नाही.

बदलला तो एका ओळीने. पंचनाम्याच्या शेवटी निरीक्षकांनी लिहिलं होतं, की लेबल, बॅच नंबर व किंमत वाचता न येणारा तसंच पुराच्या दूषित पाण्यात बुडालेला हा साठा विक्रीस अयोग्य असून नष्ट करणे आवश्यक. ही ओळ मी आपणहून मागितली होती, तीही रजिस्टरवाल्या मुलाने सुचवलं म्हणून. नुसतं 'साठा भिजलेला आढळला' असं असतं तर मी गेलो होतो कामातून. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी पंचनाम्यावर सही करण्याआधी शेवटचा परिच्छेद दोनदा वाचावा, एवढं मात्र आवर्जून सांगेन.

नष्ट करायची परवानगी यायला ऑगस्ट अर्धा गेला. तोवर गटारी होऊन गेली होती, निर्बंध सुटून हॉटेलं रात्री दहापर्यंत उघडली होती आणि माझा माल गोणपाटाखाली सील करून पडलेला. गावाबाहेर आमच्या जागेत खड्डा खणला. एकेक बाटली फोडून आत. वासाने डोकं जड झालं. जवानांपैकी एक जण, विशी-बाविशीतला पोरगा, दर बाटलीला नाव वाचून फोडत होता. हजारो रुपयांची एक स्कॉच, जी मी चार वर्षं एका डॉक्टर गिऱ्हाइकासाठी राखून ठेवली होती, ती त्याने क्षणभर हातात तोलली. मग फोडली.

पैशांचा हिशोब सरळ सांगतो, कारण कोणी सांगत नाही. पुराच्या दिवशी खरेदी भावाने माल होता ८ लाखांचा. मालाचा विमा मी ६ लाखांचा काढला होता, हप्ता वाचवायला. नुकसान निघालं ६ लाख ८० हजार. मला वाटलं, ६ लाख तर मिळतील. पण आमच्या जुन्या पद्धतीच्या फायर पॉलिसीत सरासरीचं कलम असतं: मालाच्या किमतीच्या पाऊण भागाचाच विमा असेल तर नुकसानही पाऊणच भरून मिळणार. म्हणजे ५ लाख १० हजार. त्यातून पूर-वादळाच्या दाव्यांना लागणारे ५ टक्के वजा. हातात ४ लाख ८४ हजार ५००. फ्रीज, एसी, फर्निचर यांचं वय काढून घसारा कापला, त्याचं तर बोलायलाच नको. आणि हे पैसे यायला पुढचा फेब्रुवारी उजाडला, दर आठवड्याला एक फोन आणि महिन्याला एक 'अजून हा कागद द्या' यांच्यासकट. सरकारने दुकानदारांना जास्तीत जास्त ५० हजार जाहीर केले होते. त्यात माझा चिखल काढण्याचा आणि वायरिंगचा खर्च कसाबसा बसला असता.

दरम्यान मी स्टोअर वरच्या मजल्यावर न्यायचं ठरवलं. वेटरची खोली मागे सरकवायची, पुढे स्टोअर आणि जमलं तर चार टेबलं. वाटलं, जागा माझी, जिना माझा, अडचण कसली. पण परवाना असतो तो मंजूर नकाशावर. दारू कुठे ठेवणार, कुठे देणार, दार किती, सगळं त्या निळ्या कागदावर ठरलेलं. एक भिंत हलवायची तरी आधी मंजुरी. नवा नकाशा, नगरपरिषदेचा दाखला, पुन्हा स्थळपाहणी. त्यात गावात निळ्या आणि लाल पूररेषेचा, म्हणजे पुराच्या पाण्याच्या ज्या हद्दीत बांधकामावर बंधनं येतात तिचा, वाद पेटलेला, बाजारातल्या प्रत्येक बांधकामाच्या कागदाकडे सगळे संशयाने बघत. डिसेंबरात लोक वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून साखळी उपोषणाला बसले, मीही दोन दिवस जाऊन बसलो. तिथे शेजारी बसलेल्या किराणावाल्याकडून कळलं, की जुन्या इमारतीचा आतला बदल आणि नवं बांधकाम हे अर्जात वेगळं स्पष्ट लिहावं लागतं. माझ्या अर्जात ते नव्हतं. पुन्हा लिहिला, मग हलला.

खालचा बार आधीच ऑक्टोबरात उघडला होता, उसन्या टेबलांवर आणि होलसेलरने उधारीवर दिलेल्या मालावर. वरचा मजला मार्चात झाला. पुतण्याने त्याला उंच स्टुलं, पिवळे दिवे आणि भिंतीवर एक सायकल लावून आपली हौस भागवली. तरुण पोरं वर जातात. एसटी ड्रायव्हर मंडळी खालीच बसतात, गुडघे दुखतात म्हणून, आणि वेटरला दिवसाला चाळीस जिने चढायला लावतात.

२००५ च्या रेघेवर आता दुसरी रेघ आहे. ती मी पाहुण्यांना दाखवत नाही. चटई अजूनही रात्री साडेबाराला भरतो, अजूनही शिव्या घालतो, फक्त आकडे धाडल्याशिवाय दिवा मालवत नाही. आणि गटारीची ऑर्डर आता दोन हप्त्यांत देतो, तीही भिंतीवरच्या कालनिर्णयात पौर्णिमा कधी आहे ते बघून. होलसेलरचा माणूस विचारतो, "शेठ, दारूला मुहूर्त?" मी म्हणतो, "लिही तू, निम्मा माल पौर्णिमेनंतर."