गॅरेजमधली सेव्हन: रिव्हर्स बसवताना

मंडळी, मागच्या नोंदीत माझी सेव्हन, म्हणजे जुन्या लोटस सेव्हनच्या धर्तीची घरी बनवलेली छोटी, उघडी गाडी, पहिल्यांदा स्वतःच्या इंजिनावर गॅरेजबाहेर आली, एवढंच सांगून थांबलो होतो. परत आत कशी गेली ते सोयीस्करपणे गाळलं होतं. ढकलत नेली. पावसात, चढावर, शेजारचे गृहस्थ एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने.

कारण उघड आहे. इंजिन यामाहा आर-वनचं, म्हणजे गिअरबॉक्सही मोटरसायकलचाच. पुढचे सहा गिअर, मागचा एकही नाही. बाइकला पाय टेकवून मागे सरता येतं, ४८० किलोच्या चारचाकीला नाही. शिवाय इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या नियमाप्रमाणे रिकामं वजन ४१० किलोच्या वर असलेल्या चारचाकीला मागे जाता आलंच पाहिजे. घरी बनवलेल्या गाडीला नंबर मिळण्याआधी आयव्हीएची (एकेका गाडीला मंजुरी देणारी) तपासणी असते, त्यामुळे पळवाट नाही.

दोन रस्ते होते. प्रॉपशाफ्टच्या (गिअरबॉक्समधून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) मधोमध बसणारा तयार रिव्हर्स बॉक्स घ्यायचा, नाहीतर स्टार्टर मोटर वापरायची. बॉक्स मजबूत असतो, पण महाग आणि जड, आणि पुढे जातानाही थोडी ताकद खातो. स्टार्टरची युक्ती नवी नाही. होंडाने १९८८ च्या गोल्डविंगला स्टार्टर मोटरवरच रिव्हर्स दिला होता. मी स्टार्टर घेतला. खिशाचा निर्णय होता, तत्त्वाचा नव्हे.

रचना सोपी आहे. भंगारातल्या फ्लायव्हीलची (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाची) दात्यांची रिंग काढायची, ती डिफच्या, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलच्या, फ्लँजवर (प्रॉपशाफ्ट जोडायच्या चकतीवर) बसवायची आणि शेजारी चॅसीला स्टार्टर जखडायचा. माझा डिफ फोर्ड सिएराचा, चॅसीलाच बोल्ट केलेला, त्यामुळे फ्लँज जागची हलत नाही. ज्यांचा मागचा अ‍ॅक्सल सलग आहे, म्हणजे चाकांबरोबर वर-खाली होतो, त्यांनी रिंग गिअरबॉक्सच्या टोकाला बसवावी, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात रिंग आणि पिनियनची (स्टार्टरच्या छोट्या दातेरी चाकाची) ताटातूट व्हायची.

हिशेब आधी वहीत केला. रिंगला ११० दाते, पिनियनला ९, म्हणजे १२.२ पट. स्टार्टर इंजिनाला मिनिटाला साधारण २०० फेरे देतो, तेवढेच प्रॉपशाफ्टला मिळाले असं धरू. डिफ ३.६२ चा, प्रॉपशाफ्टच्या तेवढ्या फेऱ्यांना चाकाचा एक, म्हणजे चाकाला ५५ फेरे. १८५/६०-१३ टायरचा घेर १.७३ मीटर. आलं मिनिटाला ९५ मीटर, ताशी पावणेसहा किलोमीटर. माणसाच्या चालीचा वेग, मला हवा तसाच. माझ्यासकट गाडी ५६० किलो, चढ दहाला एक, टायरचं घर्षण धरून चाकांवर साधारण ६३० न्यूटन लागतात. मागे मोजत गेलं तर पिनियनवर चार न्यूटन-मीटर. गिअर रिडक्शनचा साधा स्टार्टर हे सहज करतो.

रिंग बसवण्यात एक पूर्ण शनिवार गेला. १२ मिलिमीटरच्या प्लेटमधून चकती लेथवर काढली, रिंगच्या आतल्या व्यासापेक्षा ०.३५ मिलिमीटर मोठी. घरच्या ओव्हनमध्ये रिंग २२० अंशांना तासभर ठेवली (बायको बाहेर गेली होती, परत आल्यावर तिने वास ओळखला). २८० मिलिमीटरची रिंग तेवढ्या तापात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फुगते आणि चकतीवर टप्कन बसते. बसली नाही तर हातोडा मारू नका, परत तापवा. गॅसच्या ज्योतीने लाल करायचा मोहही नको, दात्यांचं पाणी उतरतं. बसल्यावर डायल लावून पाहिलं, रनआउट (फिरतानाची डगमग) ०.०५ मिलिमीटर. हे महत्त्वाचं आहे, कारण ताशी १६० ला ही रिंग मिनिटाला साडेपाच हजार फेरे घेणार, तेही माझ्या कमरेच्या वीतभर मागे. म्हणून बॅलन्स करून घेतली आणि वरून ३ मिलिमीटर पत्र्याचं कडं घातलं. खाली जमिनीपासून १३५ मिलिमीटर उरतात, फ्लोअरपेक्षा रिंग वरच आहे.

आता फजिती. स्टार्टर प्रॉपशाफ्टच्या बोगद्यात, रिंगच्या पुढे, पिनियन मागे तोंड करून बसवला. तिथे जागा होती, हात पोचत होता. गाडी स्टँडवर, बटण दाबलं, चाकं झकास फिरली. पुढे.

मी म्हटलं, त्यात काय, तारा उलटवू. मोटर कायम चुंबकाची आहे, तारा उलटवल्या की उलटी फिरते. फिरलीही. नुसती किंचाळली, चाकं ढिम्म.

रात्री कोल्हापूरला व्हिडिओ कॉल लावला. अण्णांची हयात उद्यमनगरात लेथवर गेली. मोबाइल खाली घालून सगळं दाखवलं. ते चहा पीत म्हणाले, "अरे, पिनियनच्या आत फ्रीव्हील असतंय. एकाच बाजूला पकडतंय ते. उलटं फिरवलंस तर घसरणारच की."

"मग आता?"

"मोटर उलटी फिरवू नको. मोटरचं तोंड फिरव."

एवढंच. बहुतेक स्टार्टर पिनियनकडून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतात. पिनियन मागे पाहत असेल तर रिंग पुढच्या चालीने फिरते, पुढे पाहत असेल तर मागच्या. म्हणजे स्टार्टर रिंगच्या मागे, डिफच्या नाकाशेजारी हवा. उलट्या दिशेचे स्टार्टरही मिळतात, पण मोटर हातात होती. पुठ्ठ्याचा साचा, मग ८ मिलिमीटर प्लेटचा ब्रॅकेट, दोन रविवार. पहिला ब्रॅकेट ६ चा केला होता, तो जोर आल्यावर वाकायचा आणि दाते कर्रकन उडायचे.

वायरिंगकडे मात्र नीट लक्ष द्या. गाडी पुढे धावत असताना पिनियन रिंगमध्ये शिरला तर फ्रीव्हील वाचवत नाही. त्या दिशेला ते पकडतं. प्रॉपशाफ्ट मोटरला बारा पट वेगाने उलटं फिरवणार, मग मोटर फुटेल किंवा मागची चाकं जाम होतील. गिअर टाकलेला असताना बटण दाबलं तर स्टार्टर इंजिनालाच उलटं फिरवायला जाईल. म्हणून रिव्हर्स फक्त न्यूट्रलमध्येच लागला पाहिजे.

बाइकच्या न्यूट्रल स्विचची तार न्यूट्रलमध्ये अर्थ होते. मी ४० अँपिअरच्या रिलेच्या (थोड्या विजेने मोठी वीज जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलची अर्थ तिथूनच घेतली. दुसरं टोक बटणाकडे, आणि बटणावरूनच मागचा पांढरा दिवाही. छान वाटलं. सोलेनॉइडची (पिनियन पुढे ढकलून मोटर जोडणाऱ्या विद्युतचुंबकाची) जाड केबल सुदैवाने अजून जोडली नव्हती. इग्निशन लावली, पहिला गिअर टाकला, आणि बटणाला हात न लावता रिले कट् करून ओढला गेला. न्यूट्रलला आणलं, सुटला. गिअर टाकला, पुन्हा कट्. ज्याने गिअरमध्ये रिव्हर्स अडवायचा तोच गिअरमध्ये लावत होता. कुंपणच शेत खात होतं.

तासभर मीटर घेऊन बसलो. डॅशवरचा न्यूट्रलचा बल्ब जुना, फिलामेंटचा. गिअर टाकला की स्विच उघडतो, मग बारा व्होल्ट त्या बल्बमधून कॉइलच्या अर्थच्या टोकाला येतात, कॉइल ओलांडतात आणि मागच्या दिव्यातून अर्थ गाठतात. वीज चोरवाटेने येत होती. उपाय एका डायोडचा, जो वीज एकाच दिशेने जाऊ देतो: कॉइल आणि न्यूट्रलची तार यांच्यामध्ये, डायोडवरची पट्टी स्विचकडे. पाच मिनिटांचं काम. ज्यांनी असंच वायरिंग केलं आहे त्यांनी आजच गिअर टाकून रिलेला कान लावा.

बाकीचं पटकन. बटण दाबून धरायचं, सोडलं की बंद, वर झाकण. केबल २५ चौरस मिलिमीटरची. बाइकची ८.६ अँपिअर-तासांची बॅटरी चढावर टक-टक करून माना टाकते, म्हणून छोट्या कारची घातली, सहा किलो वाढले. स्टार्टर दहा सेकंदांच्या वर एका दमात चालवत नाही.

काल संध्याकाळी गाडी रस्त्यावर नेली, न्यूट्रल केली, बटण दाबलं. दहा मीटरचा चढ साडेसात सेकंदांत, स्वतःच्या पायांनी. आवाज मात्र बंद पडलेली गाडी कुणी हट्टाने सुरू करत असल्यासारखा. शेजारचे गृहस्थ खिडकीत आले, अंगठा दाखवला आणि पडदा ओढला.

अण्णांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा उलट प्रश्न आला, "रिव्हर्सला गाणं नाही लावलंस?"