पंधरा ते पन्नास: उद्याच्या क्लासिक गाड्यांची वही

पुढे क्लासिक ठरतील असं मला वाटतं त्या गाड्यांच्या माझ्या यादीत या खेपेला बरीच उलथापालथ झाली आहे. टाटाची नॅनो, फियाटची पॅलिओ आणि टाटाचीच जुनी सिएरा वर सरकल्या. फोक्सवॅगन घराण्यातल्या दोन गाड्या खाली आल्या. टियागो जेटीपी पहिल्यांदाच वहीत शिरली. कारणं सविस्तर लिहितोय, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना नेमकं कुठे पटत नाही ते सांगता येईल.

आधी हिशेब, कारण सगळी यादी त्यावर उभी आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नोंदणीचे २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही. खासगी गाडीची पहिली आरसी असते १५ वर्षांची. म्हणजे पंधराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत, तब्बल ३५ वर्षं, आपल्या गाडीला कायद्यात कसलाच मान नाही. ती नुसती ‘जुनी गाडी’. दर ५ वर्षांनी आरटीओत न्यायची, पासिंग करून आणायची, पैसे भरायचे. पुनर्नोंदणीचा दर २०२२ पासून ५,००० रुपये झाला आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,०००. सात वेळा हे करायचं तर आजच्या दराने ६५,००० रुपये नुसत्या फीचे. पर्यावरण कर वेगळा, गाडीचं काम वेगळं.

आता वर्षं मांडून बघा. मारुती ८०० ची पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, ती २०३३ साली पन्नाशी गाठेल. जिप्सी २०३५. सिएरा २०४१. पॅलिओ २०५१. २०१५ ची अबार्थ पुंटो थेट २०६५! तेव्हा ‘कोणती गाडी भारी आहे’ हा प्रश्न मी केव्हाच सोडून दिलाय. कोणती गाडी ही मधली ३५ वर्षं जिवंत आणि मूळ रूपात काढेल, एवढंच मी बघतो. त्यासाठी तिच्यावर जीव लावणारा माणूस हवा, पार्ट हवेत आणि कागद हवेत. तिन्हींपैकी एक जरी नसलं तरी गाडी भंगारात जाते, नाहीतर गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून तिथेच कुजते.

नॅनो, २००९ ची पहिली

हिच्याबद्दल सगळ्यात जास्त लिहायचंय. चिंचवडला एका सोसायटीत पहिल्या काळातली पिवळी नॅनो निवांत बघायला मिळाली. मी गुडघे टेकून चाकं बघितली. प्रत्येक चाकाला तीनच नट. पुढचे टायर १३५ मिलिमीटर रुंद, मागचे १५५, कारण ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागे बसलंय आणि वजनही तिकडेच. वायपर एकच. पेट्रोल भरायचं झाकण पुढच्या बॉनेटखाली. डिकीचं दार उघडतच नाही, मागची सीट पाडून सामान ठेवायचं. २०१५ च्या जेनएक्सपासून दार उघडायला लागलं, आणि म्हणूनच न उघडणारी जास्त मोलाची ठरणार आहे. पैसा वाचवण्यासाठी अभियंत्यांनी काय काय केलं ते या पहिल्या गाडीत उघड्या डोळ्यांनी वाचता येतं. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या टीमने पुण्यात बसून हे केलं. आपल्या गावात तयार झालेली, सगळ्या जगाने जिची दखल घेतली अशी मोटार आपल्याच पार्किंगमध्ये धूळ खात उभी आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गाडीच्या मालकीण काकूंना विचारलं, “विकायची आहे का?”

“विकून येणार काय रे? एक जण तीस हजार देतो म्हणाला. त्यापेक्षा मला भाजी आणायला बरी पडते.”

“काकू, ती सीटवरची मूळ कव्हरं तेवढी टाकू नका. आणि बिल आहे का पहिलं?”

बिल होतं. विम्याच्या पहिल्या कागदासकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी त्यांना सांगून आलोय की विचार बदलला तर आधी मला फोन करा.

नॅनो वर सरकण्याची कारणं साधी आहेत. इलेक्ट्रॉनिक्स नावापुरतं, त्यामुळे २०४० मध्येही कुठलाही बरा मेकॅनिक तिचं इंजिन उतरवून बांधू शकेल. उत्पादन २०१८ मध्ये थांबलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटा गेले, आणि ज्या गाडीला लोक नाक मुरडत होते तिच्याविषयी बोलण्याचा सूर बदलला. आणि गाड्या झपाट्याने संपताहेत. तीस हजारांच्या गाडीवर वीस हजारांचं काम कोण काढणार? माझ्या मते २००९-१० ची, न ठोकलेली, मूळ रंगातली नॅनो आज भारतातली सर्वांत स्वस्त भावी क्लासिक आहे.

पॅलिओ १.६ जीटीएक्स

सांगली जिल्ह्यात एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे ही गाडी आहे असं कळलं होतं. जाऊन आलो. २००१ साली पॅलिओ आली तेव्हा सचिन तिची जाहिरात करायचा, त्याच्या नावाची एस१० ही मर्यादित आवृत्तीही निघाली होती. १.६ लिटर, १६ व्हॉल्व्ह, १०० अश्वशक्ती, तेही छोट्या हॅचबॅकमध्ये. त्या काळात कॉलेजात असलेल्या आमच्या पिढीने या गाडीची स्वप्नं पाहिली आणि विकत मात्र सॅन्ट्रो घेतली. आता त्या पिढीच्या हातात पैसा आहे. अशी ओढ किंमत वर नेते.

पण ओढ असून गाडी कुठे आहे? जीटीएक्सचं अ‍ॅव्हरेज शहरात मुश्किलीने दोन आकडी व्हायचं. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाने सीएनजी किट टाकलं, चौथ्याने पिळून काढली आणि भंगारात घातली. सांगलीकडच्या या गाडीत किट कधीच बसलं नव्हतं. मी सगळ्या काचांच्या कोपऱ्यांतले ठसे तपासले, सगळे एकाच साठ्यातले. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवरचा कंपनीचा रंग पान्याने कधी फुटलेला नाही. पुढच्या पत्र्याचे स्पॉट वेल्ड गोल आणि सारख्या अंतरावर. डेंटिंगवाल्याने जोडलेल्या पत्र्यात हे अंतर कधीच सारखं येत नाही, हे नव्या मंडळींनी लक्षात ठेवावं. चासी नंबरची पट्टी बॅटरीच्या उजेडात तिरक्या कोनातून बघा, घासलेली असेल तर लगेच कळतं.

पार्टचं काय, हा प्रश्न होता. ब्रेक, सस्पेन्शनचं बरंचसं सामान १.२ पॅलिओशी जुळतं आणि ते अजून मिळतं. याच जातीचं १६ व्हॉल्व्ह इंजिन ब्राझील आणि तुर्कस्तानातही चाललं, त्यामुळे इंजिनाचं सामान बाहेरून मागवता येतं. टायमिंग बेल्टच्या बाबतीत मात्र चालढकल नको. तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि मग हेड उतरवावंच लागतं.

त्याच फियाट घराण्यातली, रांजणगावच्या कारखान्यातली अबार्थ पुंटो माझ्या यादीत आधीपासून वरच आहे: १४५ अश्वशक्ती, मॅन्युअल गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, २०१५ मध्ये ९.९५ लाखांना. तिच्यात नवं लिहिण्यासारखं काही नाही. ज्यांच्याकडे आहे ते सोडत नाहीत.

सिएरा

२०२५ च्या अखेरीस त्याच नावाची नवी सिएरा आली आणि पिंपरीत बनलेल्या १९९१ च्या जुन्या गाडीची विचारपूस अचानक वाढली. ‘काका, तुमची ती जुनी उभी आहे ना?’ असे फोन आता ज्याला-त्याला येतात. मला आनंद आहे, पण काळजी एका गोष्टीची आहे. मागच्या बाजूच्या त्या छतात वळणाऱ्या अखंड काचा. त्याच तिची ओळख आहेत आणि त्या मिळत नाहीत. इंजिन, गिअरबॉक्स, स्प्रिंगच्या पाट्या हे सगळं टाटाच्या जुन्या पिकअपशी नातं सांगणारं, कुठेही जमून जातं. काच गेली की गाडी अडली. त्यामुळे सिएरा घेताना मी आधी काच बघतो, मग काचेच्या रबराखालचा पत्रा, आणि इंजिन सर्वांत शेवटी. रबराखाली पाणी मुरतं आणि गंज आतून पोखरत येतो. कोकणातली गाडी असेल तर रबर उचलून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.

खाली आलेल्या

जुनी १.२ पोलो जीटी टीएसआय आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५. चालवायला दोन्ही अफलातून आहेत, त्यावर वाद नाही. २०२० मध्ये आरएस २४५ च्या फक्त २०० गाड्या भारतात आल्या, म्हणजे दुर्मीळही आहे. पण दोन्हींत डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि सगळा कारभार एकमेकांशी बोलणाऱ्या कंट्रोल युनिट्सवर. त्या गिअरबॉक्सचा मेंदू, म्हणजे मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर आजच बिल ऐकून घाम फुटतो. पुढे कोडिंग करून देणारं सॉफ्टवेअर, ते चालवणारा माणूस आणि नवं युनिट हे तिन्ही एकाच वेळी मिळायला हवेत. त्याऐवजी २०२० नंतरची १.० टीएसआय मॅन्युअल पोलो घ्या. चाकणची पोलो २०२२ मध्ये थांबली, लोकांचा जीव तिच्यावर आहेच, आणि हाताने गिअर टाकायची गाडी जास्त काळ जगेल. तीन दारांची पोलो जीटीआय, जी फक्त ९९ आली, ती संग्राहकांच्या घरात आधीच पोहोचली आहे. तिचं भाकीत करण्यात काही राम नाही.

हेच जन्मतः संग्राह्य म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांबद्दल. महिंद्राच्या बीई ६ बॅटमॅन आवृत्तीच्या ९९९ गाड्या १३५ सेकंदांत बुक झाल्या. घेणाऱ्यांचं अभिनंदन. पण ज्या गाडीचा प्रत्येक मालक ती पहिल्या दिवसापासून कव्हर घालून ठेवतो, तिच्या बहुतेक सगळ्या गाड्या टिकतात. वापरून संपलेल्या गाडीची दुर्मीळता वेगळीच. २००३ च्या तीन दारी झेन कार्बन आणि स्टील ३००-३०० निघाल्या, लोकांनी त्या साध्या झेनसारख्या रोज पळवल्या, आणि आज एक बघायला मिळाली तर आपण रस्ता ओलांडून जातो.

नवी नोंद: टियागो जेटीपी

२०१८ ची. टाटा आणि कोइम्बतूरच्या जयेम यांची भागीदारी, १.२ टर्बो पेट्रोल, ११४ अश्वशक्ती, मॅन्युअल. २०२० मध्ये भागीदारीच गुंडाळली गेली. बंपर, बॉनेटवरचे झरोके, साइड स्कर्ट हे तिचे खास पार्ट. एक जरी तुटला तर लोक साध्या टियागोचा लावून मोकळे होतात. ज्यांच्याकडे आहे त्यांनी फुटका बंपरसुद्धा फेकू नये, फायबरवाला तो जोडून देतो.

जिप्सी आणि जुनी होंडा सिटी व्हीटेक जागच्या जागी आहेत, कारण दोन्हींची अडचण एकच: मूळ रूपातली सापडत नाही. जिप्सी २०१९ पर्यंत बनत होती, म्हणून लोकांना ती भरपूर वाटते. मोठे टायर, उचललेलं सस्पेन्शन, कापलेलं बंपर यांतून सुटलेली दाखवा. व्हीटेकचं १०६ अश्वशक्तीचं इंजिन ड्रॅग रेसवाल्यांनी उचललं, हेडर आणि एक्झॉस्ट बदलले. कंपनीचा मूळ एअर फिल्टरचा डबा असलेली व्हीटेक दिसली तर फोटो नक्की काढा.

गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म मी यादीत घेत नाही, ती माझ्या लेखी क्लासिक झालेलीच आहे. फायबरची बॉडी, रेनॉचं इंजिन, दोन सीट, उघडं छत. भाकीत कसलं करायचं?

एक कामाची गोष्ट. आता सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरमधली सील त्यासाठी बनलेली नव्हती, शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो. कार्ब्युरेटरची ८०० किंवा जिप्सी असेल तर इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या टाकून घ्या आणि काढलेल्या मूळ नळ्या पिशवीत घालून, चिठ्ठी लावून ठेवा. गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका.

सध्या शोधात आहे: सिएराची डाव्या बाजूची मागची काच, पॅलिओ जीटीएक्सची मूळ अलॉय चाकं, आणि पहिल्या काळातल्या नॅनोचं ओनर्स मॅन्युअल, शक्यतो मराठीतलं. कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.