आण्णांच्या अक्षरातल्या जन्मतारखा

आमचे आण्णा १९७१ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी म्हणून लागले आणि २००७ च्या ३१ मे रोजी निवृत्त झाले. सगळी नोकरी राधानगरी तालुक्यात. त्यातली बरीच वर्षं दाजीपूरच्या अंगाला, जिथं पावसाळ्यात मुक्कामी एसटी पोचेल की नाही याचा भरवसा नसायचा. चौथीपर्यंतची शाळा, दोन शिक्षक. त्यातले एक कायम बदलीच्या खटपटीत, म्हणजे खरं तर एकच.

ते शिकवायचे चांगलं. माझे पाढे अजून पक्के आहेत ते त्यांच्यामुळंच. पण मला त्यांच्या ज्या कामाचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो, ते काम वर्गाच्या बाहेरचं होतं. पोरांची नावं दाखल करण्याचं.

जून उजाडायच्या आधीच ते पटनोंदणीला बाहेर पडायचे. वाड्या-वस्त्या, धनगरवाडा, सगळं पायी. दारात बसून चहा घ्यायचा आणि विषय काढायचा. आईबाप म्हणायचे, पोरगं गेलं शाळंला तर जनावरं कोण राखणार? मग आण्णा शाहू महाराजांचं नाव काढायचे. महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पोर शाळेत न घालणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड लावला. "महाराजांनी दंड लावला हुता, मी नुसता हात जोडालोय," असं ते म्हणायचे. राधानगरीत महाराजांचं नाव घेतल्यावर नाही म्हणणं अवघड. महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण समोर दिसतं ना.

पोर कबूल झालं की पुढचा प्रश्न जन्मतारखेचा. तो बहुतेक घरात कुणालाच ठाऊक नसायचा. शाळा जूनला सुरू होते, वय भरलेलं दिसायला हवं, म्हणून गुरुजी लोक सरसकट १ जून लिहून मोकळे व्हायचे. आपल्याकडं पन्नाशी-साठीच्या माणसांना वाढदिवस विचारून बघा. खुद्द आण्णांचाही कागदावरचा वाढदिवस १ जून १९४९. आजी सांगायची, ह्यो दिवाळीत वसुबारसेला झाला. पण त्यांच्या गुरुजींनी लिहिलं ते लिहिलं.

म्हणून आण्णा १ जून लिहायचे नाहीत. ते आईला विचारायचे. बापाला नाही, आईलाच. लावणीच्या आधी का नंतर? पंचमीला माहेरी होतीस का? घरात नाचणी आली होती का? गुरवाच्या घरून मागून आणलेली जुनी पंचांगं आमच्या फळीवर एका धडप्यात बांधून ठेवलेली असायची. रात्री कंदिलाच्या उजेडात ती उलगडून तिथीवरून तारीख काढायचे आणि सकाळी रजिस्टरात टाकाच्या वळणाचं अक्षर काढून लिहायचे. एका पोराची आई म्हणाली होती, भांडी पडली, जमीन हलली, त्याच दिवशी दिवस मावळताना ह्यो झाला. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. तिथं पंचांग लागलंच नाही. ते पोरगं पुढं सरकारी नोकरीत लागलं आणि गेल्या डिसेंबरच्या अखेरीला रिटायर झालं. निरोप समारंभात त्यांनी आण्णांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. १ जून लागला असता तर तारखेचा हिशोब सगळाच बदलला असता.

घरात याचा ताण आईवर यायचा, हेही लिहायला हवं. १९९५ साली शाळेत पोरामागं महिन्याला तीन किलो तांदूळ सुरू झाला, पण ८० टक्के हजेरी असेल तरच. रोपलावणीच्या दिवसांत निम्मा वर्ग चिखलात असायचा. खोटी हजेरी आण्णांनी कधी लावली नाही. मग ज्या घरची चूल खरंच अडलेली, तिथं आमच्या घरातला तांदूळ जायचा. आई म्हणायची, "शाळंचा पट मोजताय, घरातली तोंडं पण मोजा एकदा." आणि म्हणता म्हणता पायली भरून द्यायची. आम्ही तिघं भावंडं शिकलो, थोरलीचं लग्न शिक्षक बँकेच्या कर्जावर झालं, ते कर्ज फिटलं, यात तिचा हात त्यांच्याइतकाच आहे. आण्णा मात्र कामासाठी कोल्हापूरला गेले की भडंगाचा पुडा आणि महाद्वार रोडवरनं आईसाठी काहीतरी आणल्याशिवाय परतायचे नाहीत, मग शेवटची गाडी चुकली तरी चालेल.

वर्गात मी त्यांना गुरुजीच म्हणायची. आण्णा म्हटलं तर ओ द्यायचे नाहीत.

रजिस्टरात शेवटाकडं एक रकाना असतो, शाळा सोडल्याचं कारण. आण्णांना तो अजून छळतो. मुलींच्या नावापुढं तिथं घरकाम, लग्न, परगावी असंच असायचं. पाचवीची शाळा लांब, मधे जंगल, गव्यांची भीती. काहींच्या बापांना त्यांनी पटवलं, काहींना कोल्हापुरात नातेवाइकांकडं ठेवायला लावलं. ज्या राहिल्या त्यांची नावं त्यांना पाठ आहेत. हल्ली ते मला ती नावं एकेक सांगतात आणि मी फोनवरनं शोध घेते.

मागच्या महिन्यात एक सापडली, कागलकडं दिलेली. चौथीला पहिली आली होती. आण्णांनी फोन कानाला लावला आणि ख्यालीखुशाली बाजूलाच ठेवून विचारलं, "वाचाय येतंय न्हवं अजून?"

"येतंय की गुरुजी. आमच्या बचत गटाचं सगळं पुस्तक मीच लिवतो."