शेपटीवाल्या कोंबड्यांच्या गावाला

कोचीला (केरळवालं नाही, जपानच्या शिकोकू बेटावरचं) लोक जातात कात्सुओ मासा खायला, आम्ही गेलो कोंबडे बघायला. ओकायामाहून नानपू एक्सप्रेस पकडली, बोगद्यांमागून बोगदे, मधेच दरीत हिरवीगार नदी, आणि उतरलो गोमेनला. हे नानकोकू शहर, ओनागादोरी या लांब शेपटीच्या कोंबड्यांच्या जातीचं माहेरघर.

या जातीच्या नराच्या शेपटीतली काही पिसं गळतच नाहीत, वर्षाला जवळपास मीटरभर वाढत राहतात. १० मीटरच्या वर गेलेल्या शेपटीचीही नोंद आहे! एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) इथल्या सरदाराच्या लवाजम्यात भाले सजवायला लांब पिसं लागायची, म्हणून शेतकऱ्यांनी निवडून निवडून ही पैदास केली म्हणे.

ओळखीतून एका आजोबांकडे गेलो. माणसाएवढं उंच, अरुंद लाकडी खोकं, त्याला तोमेबाको म्हणतात, वर दांडीवर कोंबडा, शेपटी मागे गुंडाळून ठेवलेली. आजोबांनी त्याला अलगद बाहेर काढलं आणि आजींनी ती पांढरी शेपटी नऊवारी वाळत घालताना धरतात तशी हातावर घेतली, मग तिघांची अंगणात फेरी. खरं सांगू का, ते खोकं मला काही पटलं नाही, धड वळताही येत नाही बिचाऱ्याला. पण मोकळा सोडला की पिसं मळणार, तुटणार.

आजोबांना मात्र शेपटीपेक्षा मागच्या खुराड्यातल्या, याच जातीच्या साध्यासुध्या दिसणाऱ्या माद्यांची काळजी जास्त. पाळणारे मोजके, त्याच त्या रक्तात पैदास, त्यामुळे अंडी नीट उबत नाहीत, आणि बाहेरचं रक्त आणावं तर शेपटीचा गुणच जायचा. ओनागादोरीला १९५२ पासून जपान सरकारचा 'विशेष नैसर्गिक स्मारक' हा दर्जा आहे, कोंबड्यांत फक्त याच जातीला, पण रोज दाणापाणी करायला सरकार थोडंच येतंय.

शेजारच्या पिंजऱ्यात तोतेन्को होता, लांब बांग देणारा. मित्राने मोबाईलवर टायमर लावला, पंधरा सेकंद उलटले तरी गडी आपला सुरूच!

रात्री जेवणात तोसा-जिरोचं अंडं, गरम भातावर. तोसा-जिदोरी हीपण इथली संरक्षित जात, तिचा नर आणि ऱ्होड आयलंड रेड या अमेरिकन जातीची मादी यांचा संकर म्हणजे तोसा-जिरो. म्हणजे अंड्यांना गिऱ्हाईक आहे तोवर तोसा-जिदोरीचे नर कुणीतरी पाळणारच. ओनागादोरीला असलं गिऱ्हाईक कुठून आणायचं?